फेंडर कापताना माया सोडा, आणि चुकलात तर लपवू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ग्राइंडर हातात घेऊन प्रत्यक्ष काम दाखवलं. पण व्हिडिओत हात दिसतो, हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. ऑफ-रोड गाडीला मोठा टायर बसावा म्हणून फेंडर कसा कापायचा, कापताना चूक झाली तर ती कशी दुरुस्त करायची आणि या सगळ्यात आपला धंदा कसा वाचवायचा, एवढंच आज बघू.

आमच्या भाज्याला पावसाळ्यात शनिवार-रविवारी काय गर्दी असते ते तुम्ही पाहिलं असेल. मळवली स्टेशनकडून आत आलं की लेणी, पुढे गायमुख खिंडीचा चढ, एका अंगाला लोहगड आणि दुसऱ्या अंगाला विसापूर. या रस्त्याला थार, जिप्सी, गुरखा आणि जुन्या जीपा हमखास दिसतात. यातल्या बऱ्याच गाड्यांना मालकाने मोठे टायर टाकलेले असतात आणि वळणावर टायर फेंडरला घासल्याचा आवाज येत असतो. तो आवाज म्हणजे तुमच्यासाठी काम आहे. पण काम नीट समजून घेतलं नाही तर तोच आवाज तुमच्या खिशाला घासतो. माझ्या घासला आहे, ते पुढे सांगतो.

आधी माप, मग ग्राइंडर

जीप आपल्याकडे जुनी आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्रने मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या जुन्या जीपचे पुढचे फेंडर सपाट, उघडे आणि टायरच्या बरेच वर असायचे. २०२० साली आलेल्या नव्या थारसारख्या गाडीत तसं नाही. तिथे चाकाभोवती कमान असते, कमानीला प्लास्टिकचा फ्लेअर आणि आतून प्लास्टिकचं लायनर असतं. त्यामुळे जागा मोजूनमापून असते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दादा, दोन इंच उडवा सगळीकडून." इथेच पहिली परीक्षा असते. लगेच हो म्हणायचं नाही. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा वाचायचा आणि कागदावर हिशोब मांडायचा.

समजा कंपनीचा टायर २५५/६५ आर१८ आहे. २५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिमी. ही भिंत वर आणि खाली दोन्हीकडे, म्हणून ३३२. रिम १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी. एकूण टायर ७८९ मिमी उंच.

आता गिऱ्हाइकाला टाकायचाय २८५/७० आर१७. याची भिंत १९९.५ मिमी, दोन्हीकडची मिळून ३९९. रिम ४३२. एकूण ८३१ मिमी.

फरक ४२ मिमीचा. पण चाकाच्या मध्यापासून बघितलं तर टायर फेंडरच्या जवळ येतो फक्त २१ मिमी. रुंदीत फरक ३० मिमी, म्हणजे रिमचा ऑफसेट तोच असेल तर आत १५ आणि बाहेर १५. गिऱ्हाईक मागतंय दोन इंच, म्हणजे ५० मिमी, आणि टायर जवळ आलाय २१ मिमी. हा कागद त्याच्यासमोर ठेवला की निम्मी बोलणी तिथेच संपतात, आणि तुम्ही कारागीर म्हणून वरच्या पायरीवर जाता. जाता जाता हेही सांगा की या टायरवर स्पीडोमीटर साधारण ५ टक्के कमी दाखवेल. काट्यावर ६० असेल तेव्हा गाडी ६३ ने पळत असेल.

हा झाला कागदावरचा हिशोब. खरी जागा गाडीवरच कळते. मोकळ्या सपाट जागेत एका पुढच्या चाकाखाली रॅम्प द्या, म्हणजे सस्पेन्शन दाबलं जाईल. बाकीच्या चाकांना दगड लावा. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन बघायला सांगा. हेच रिव्हर्समध्ये आणि दुसऱ्या बाजूनेही करा. टायरच्या कडेला खडू लावलात तर जिथे घासतो तिथे पांढरी खूण उमटते. बहुतेक वेळा तीन ठिकाणी घासतं: पुढच्या फेंडरचा दाराकडचा खालचा कोपरा, बंपरचं टोक आणि आतलं लायनर. कधी कधी फक्त लायनर आणि बंपरचं टोक कापूनच काम होतं, पत्र्याला हातही लावावा लागत नाही. तसं असेल तर तसंच सांगा. कमी पैशात काम झालेलं गिऱ्हाईक चार जणांना घेऊन येतं.

माया म्हणजे काय

कपडा बेतताना शिंपी मापावर कधीच कापत नाही. थोडी माया सोडतो. शिलाई उसवून कपडा सैल करता येतो, पण कापलेला कपडा परत येत नाही. पत्र्याचंही तेच आहे. आमच्या भाज्याची लेणी कोरणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच पाळलं असणार, कारण एकदा उडवलेला दगड परत बसवता येत नाही. आपल्याला निदान वेल्डिंग आहे, पण ते फुकट नाही.

माझी पद्धत अशी:

१. लायनर काढा. मागे काय आहे ते डोळ्यांनी बघा. वायरिंग, ब्रेकचा होज, एबीएस सेन्सरची वायर, वॉशरच्या पाण्याची बाटली, मागच्या बाजूला डिझेल-पेट्रोल भरायचा पाइप. जे सुटतं ते सोडवून ठेवा, जे सुटत नाही ते झाका. इंधनाच्या पाइपजवळ ठिणगी उडणार असेल तर तिथे ग्राइंडर चालवायचाच नाही. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

२. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी जॅकवर असेल तर खाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून चाकाच्या कमानीत डोकं घालायचं नाही.

३. मास्किंग टेप लावून त्यावर रेषा मारा. माप चाकाच्या मध्यापासून घ्या, जमिनीपासून नाही. जमीन उतरती असली किंवा एका टायरात हवा कमी असली की दोन्ही बाजूंचं माप वेगळं येतं.

४. पुठ्ठ्याचा साचा बनवा. डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीकडे लावा. दोन्ही बाजू सारख्या येण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

५. पहिला कट खऱ्या रेषेच्या १० मिमी अलीकडे. ही आपली माया. मग चाक लावा, परत रॅम्पवर चढवा, परत स्टिअरिंग फिरवा. घासत असेल तरच रेषेपर्यंत या. पूर्ण दाबलेल्या सस्पेन्शनला टायर आणि पत्र्यात साधारण २० ते २५ मिमी जागा मिळाली की थांबा.

६. काच, दार आणि बाजूचा पत्रा ओल्या गोणपाटाने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि रंगावर पडून दोन दिवसांत गंजाचे ठिपके देतात. गॉगल घाला, ग्राइंडरचं गार्ड काढू नका. १ मिमी जाडीचं कटिंग व्हील वापरा आणि एका जागी दाबून धरू नका, रंग जळतो.

७. कडा कानसीने आणि फ्लॅप व्हीलने गुळगुळीत करा. थिनरने पुसा. एपॉक्सी किंवा झिंक प्रायमरचे दोन हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी रबरी बीडिंग. उघड्या पत्र्यावर थेट बीडिंग चढवलंत तर त्यात पाणी साचतं आणि पत्रा आतून खातो. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे कापलेली कड एक रात्र उघडी ठेवली तरी सकाळी तांबूस दिसते.

पुढचा फेंडर आणि मागचा फेंडर एक नाहीत

हे नीट लक्षात घ्या, कारण पैशाचा सगळा फरक इथे आहे. बहुतेक गाड्यांचा पुढचा फेंडर बोल्टने लावलेला असतो. फारच बिघडला तर नवा आणून लावता येतो. मागचा पत्रा मात्र बऱ्याच गाड्यांत बॉडीला वेल्ड केलेला असतो आणि दुहेरी असतो. बाहेरचा एक, आतला एक, आणि कमानीच्या कडेला दोघांचा जोड. जोडाच्या वर कापलंत की दोन्ही पत्रे सुटे होतात आणि मध्ये फट पडते. त्या फटीतून चिखल आणि पाणी थेट बॉडीत जातं. म्हणून नवीन माणसाने पहिली पाच-सहा कामं फक्त पुढच्या फेंडरची घ्यावीत असं माझं मत आहे.

चूक झाली तर

चूक होणारच. कुठली चूक कशी सुधारायची ते क्रमाने सांगतो.

*रेषा वाकडी आली.* कानस आणि फ्लॅप व्हीलने सरळ करा. पण इथे एक सापळा आहे. डावीकडे थोडं जास्त गेलं म्हणून उजवीकडे कापायचं, मग ती जास्त गेली म्हणून परत डावीकडे. दोन मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखं होतं, शेवटी फेंडरच राहत नाही. दोन्ही बाजूंत ३-४ मिमीचा फरक असेल तर थांबा. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम कोणाला दिसत नाहीत, बीडिंग लावल्यावर तर नाहीच.

*१० ते २५ मिमी जास्त कापलं गेलं.* दोन उपाय आहेत. पहिला, रुंद फ्लेअर बसवून कड झाकणे. टायर बाहेर येत असेल तर फ्लेअर तसाही लागतो, नाहीतर मागच्या गाडीच्या काचेवर दगड उडतात. दुसरा, पट्टी वेल्ड करणे. पट्टी त्याच जाडीच्या पत्र्याची घ्या. बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमीचा असतो. कड आणि पट्टी एकमेकांना भिडवून बसवा, एकावर एक चढवू नका. मिग वेल्डिंगने फक्त टाके मारा. एक टाका इकडे, पुढचा लांब तिकडे, मध्ये पत्रा थंड होऊ द्या. सलग वेल्डिंग ओढलंत तर पत्रा तापून लाटेसारखा वाकतो, मग ठोकून ठोकून जीव जातो. टाके भरून झाले की घासून सपाट करा, प्रायमर मारा आणि वर पातळ पुट्टी. २-३ मिमीपेक्षा जाड पुट्टी नको. पुट्टी सपाटी आणण्यासाठी असते, पत्रा बनवण्यासाठी नाही.

*मागचा जोड उघडला.* आतल्या पत्र्याला साधारण इंचाइंचावर खाचा मारा आणि हातोडीने एकेक पाकळी वर बाहेरच्या पत्र्याकडे वळवा. टाके मारून जोडा. दोन्ही बाजूंनी सीम सीलर भरा, वाळल्यावर प्रायमर आणि रंग. आतल्या पोकळीत गंजरोधक वॅक्स फवारा. मग पाइपने जोरात पाणी मारून आतून बघा. ओल दिसली तर काम झालेलं नाही.

*ग्राइंडर घसरून दारावर ओरखडा.* रंगापुरताच असेल तर घासून टचअप होतं. पत्रा दिसत असेल तर त्या पॅनेलचं पूर्ण पेंटिंग करावं लागतं. यात तडजोड नाही, पॅच ऊन पडलं की ओळखू येतो.

*वायर कापली गेली.* पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर किंवा क्रिम्प करा आणि वर हीट श्रिंक नळी चढवा. एबीएस सेन्सरची वायर असेल तर सेन्सर वायरसकट बदला. *ब्रेकच्या होजला नुसता चरा पडला तरी होज नवीन.* गाडी त्याआधी जागेवरून हलवायची नाही. इथे गिऱ्हाइकाचा जीव आहे.

माझी चूक

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा मागचा डावा पत्रा मी जोडाच्या वर कापला. घाई होती, संध्याकाळी गाडी द्यायची होती. मी काय केलं? फटीत पुट्टी भरली, वर काळा रंग मारला, बीडिंग लावलं. दिसायला छान. पैसे घेतले, चहा पाजला, गाडी गेली.

जुलैमध्ये तो गायमुख खिंडीच्या चढाला खड्ड्यांतून गेला आणि पुट्टीचा तुकडा निघून पडला. तो गाडी घेऊन आला तेव्हा आत चिखल साचला होता आणि जोडाला गंज लागला होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी हसून सोडून दिलं असतं." मी पत्रा फुकट नीट करून दिला. पण त्याच्यासोबत मित्रांच्या अजून पाच गाड्या यायच्या होत्या, त्यातली एकही आली नाही.

बीबीएला ग्राहकाच्या विश्वासावर मी पानंच्या पानं लिहिली होती. समजलं त्या दिवशी. कापण्याची चूक कारागिराची होती, ती माफ झाली असती. लपवण्याची चूक दुकानदाराची होती. ती झाली नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे. चूक झाली की ग्राइंडर खाली ठेवायचा, फोटो काढायचा आणि गिऱ्हाइकाला लगेच फोन करायचा. दुरुस्तीच्या आधी, नंतर नाही. तीन वाक्यं: काय झालं, मी ते कसं नीट करणार, त्याचे पैसे तुमच्याकडून घेणार नाही. गाडी एक-दोन दिवस उशिरा मिळेल हेही तेव्हाच सांगायचं. आजवर एकानेही गाडी उचलून नेलेली नाही.

चुकीचा खर्च आधीच दरात धरा

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे दर घालून बघा. समजा चार फेंडरच्या कामाचे तुम्ही ८,००० रुपये घेता. व्हील, प्रायमर, सीलर, बीडिंग मिळून १,८००. हेल्परचे दोन दिवसांचे १,६००. भाडं आणि वीज ६००. हातात उरले ४,०००.

आता एका मागच्या पत्र्यावर चूक झाली. वेल्डिंगचे १,५०० आणि पॅनेल पेंटिंगचे ४,५००, एकूण ६,०००. म्हणजे नफा गेलाच, वर खिशातले २,००० गेले. माझ्यासारखी पुट्टी भरायची बुद्धी माणसाला इथेच होते, कारण हातात पैसे नसतात.

म्हणून प्रत्येक कामातले १० टक्के वेगळ्या डब्यात टाका. ८,००० च्या कामाला ८०० रुपये. आठ कामांत ६,४०० जमतात, म्हणजे एक मोठी चूक निभावते. हे पैसे नफा समजायचे नाहीत. डब्यात पैसे असले की खरं बोलणं सोपं जातं.

कायद्याचं आधी सांगा

हा भाग टाळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वॉरंटी आणि विम्याच्या क्लेमलाही अडचण येऊ शकते.

म्हणून काम घेण्याआधी गिऱ्हाइकाला हे समोर बसवून सांगा आणि आरटीओत विचारून यायला सांगा. गाडी रोज रस्त्यावर चालणार आहे की फक्त खासगी ट्रॅकवर, ते विचारा. काय कापणार, किती मिमी, कुठला टायर, हे सगळं जॉब कार्डवर लिहून त्याची सही घ्या. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीचा पत्रा कापायला मी बहुतेक वेळा नाहीच म्हणतो आणि कंपनीच्या मापाचाच चांगल्या नक्षीचा टायर सुचवतो. एक काम जातं, पण रात्री झोप लागते.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून एक जुना फेंडर आणा. त्यावर रेषा मारा, १० मिमी माया सोडून कापा, मग रेषेपर्यंत या. नंतर मुद्दाम २० मिमी जास्त कापा आणि पट्टी वेल्ड करून मूळ आकार परत आणा. त्यावर पाणी मारा आणि आठवडाभर उघड्यावर ठेवा. किती तास लागले, किती सामान लागलं, गंज कुठे आला, हे वहीत लिहा. तो आकडा म्हणजे तुमच्या चुकीची खरी किंमत. ती कळल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या गाडीला ग्राइंडर लावू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण हिशोबात करा.